गर्भिणींची हिंसाविषयक पृच्छा

गर्भिणींची हिंसाविषयक पृच्छा : गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी व प्रसूत्युत्तर काळात आरोग्यसेवेसाठी आलेल्या स्त्रीला तिच्यावर पती, कुटुंबीय वा अन्य व्यक्ती यांच्याकडून हिंसा होत आहे काय, हे प्रशिक्षित वैद्य, परिचारिका वा प्रसाविका यांनी एकांतात व ठराविक रीतीने विचारणे आणि मिळालेल्या उत्तरानुसार तिच्या सुरक्षिततेची व साहाय्याची तजवीज करणे, या प्रक्रियेला गर्भिणींची हिंसाविषयक पृच्छा असे म्हणतात. हिंसा या संज्ञेत येथे मारहाण, लैंगिक बळजबरी, धमक्या व मानहानी यांबरोबरच अन्न, विश्रांती, पैसा व औषधोपचार यांपासून स्त्रीला वंचित ठेवणे यांचाही समावेश होतो. रक्तदाब मोजणे वा रक्त तपासणे यांप्रमाणेच ही पृच्छा प्रसूतिपूर्व तपासणीचा एक भाग आहे, असे आता अनेक देशांत मानले जाते. तथापि अन्य तपासण्यांहून ती एका महत्त्वाच्या बाबतीत निराळी आहे : रक्ताची तपासणी व्यर्थ गेली, तरी सहसा अपाय होत नाही, ही पृच्छा मात्र चुकीच्या जागी, चुकीच्या व्यक्तीसमक्ष वा पुढील साहाय्याची सोय नसताना केल्यास स्त्रीच्या जिवास धोका उत्पन्न होऊ शकतो.

व्याप्ती : गर्भारपणात स्त्रीला घरात अधिक जपले जाते, ही समजूत सर्वत्र खरी ठरत नाही. काही स्त्रियांच्या बाबतीत या काळात हिंसा थांबते. काहींच्या बाबतीत ती पूर्ववत चालू राहते, तर काहींच्या बाबतीत ती प्रथमच सुरू होते अथवा तीव्र होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुराष्ट्रीय पाहणीत, गर्भारपण अनुभवलेल्या स्त्रियांपैकी गर्भारपणी मारहाण झालेल्या स्त्रियांचे प्रमाण जपानमधील शहरी विभागात १ टक्का, तर पेरूमधील ग्रामीण प्रांतात २८ टक्के आढळले. बहुतेक ठिकाणी ते ४ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान होते. मारहाण झालेल्या स्त्रियांपैकी एकचतुर्थांश ते निम्म्या स्त्रियांच्या पोटावर लाथा वा ठोसे मारण्यात आले होते आणि ९० टक्क्यांहून अधिक प्रसंगी मारणारा पुरुष हा होणाऱ्या अपत्याचा पिताच होता.

भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित (पूर्वी विवाह झालेल्या धरून) स्त्रियांपैकी सु. २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. गर्भारपणी शारीरिक हिंसा झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ३·१ टक्के होते. असे आकडे वाचताना ते कोणी, कोठे व कोणत्या शब्दांत विचारून मिळविले, याकडे लक्ष द्यावे लागते. अमेरिकेत ज्यूडिथ मॅक्फार्लेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात आरोग्यकेंद्रात येणाऱ्या स्त्रियांना तेच प्रश्न दोन प्रकारे विचारले होते. छापील पत्रक स्वतः भरून देणाऱ्या स्त्रियांपैकी १० टक्क्यांहून कमी स्त्रियांनी हिंसा नोंदविली. परिचारिकेने समोर बसून विचारले, तेव्हा हेच प्रमाण सु. २९ टक्के भरले. स्त्रिया सांगत नाहीत याचे एक कारण त्यांना नीट विचारले जात नाही हे होय, असा निष्कर्ष त्यावरून निघतो.

माता व गर्भ यांवरील परिणाम : पोटावरील आघातामुळे वार (अपरा) गर्भाशयापासून अकाली सुटणे, रक्तस्राव, गर्भपात, अकालप्रसूती व गर्भाचा मृत्यू हे परिणाम संभवतात. अप्रत्यक्ष परिणाम अधिक व्यापक असतात. सततची भीती, अपुरा आहार, निद्रानाश व नैराश्य यांमुळे गर्भाची वाढ खुंटते आणि जन्मतः बालकाचे वजन कमी भरते. अशा स्त्रिया तपासणीसाठी उशिरा येतात वा येणे मध्येच थांबवितात. कारण दवाखान्यात जाण्यास परवानगी व पैसा ज्याच्याकडून मिळावयाचा, तोच पुष्कळदा हिंसा करणारा असतो. प्रसूत्युत्तर काळातील नैराश्य व आत्महत्येचे विचार यांचाही या हिंसेशी निकटचा संबंध आढळतो.

मातामृत्यूच्या कारणांत हिंसेची गणना परंपरेने होत नसे. या दृष्टीने महाराष्ट्रातील एक अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. बेला गणात्रा, कुरुस कोयाजी व व्ही. एन. राव यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील १२१ मातामृत्यूंचा अभ्यास करून १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गर्भारपणाच्या काळातील मृत्यूंपैकी सु. १६ टक्के मृत्यू कौटुंबिक हिंसेशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. रुग्णालयाच्या नोंदवहीत ‘भाजणे’, ‘विषबाधा’ वा ‘विहिरीत पडणे’ अशा शब्दांत संपणाऱ्या घटनांमागील परिस्थिती शोधल्याविना असे मृत्यू उघडकीस येत नाहीत.

इतिहास : गर्भारपणातील हिंसेकडे संशोधकांचे लक्ष १९७० नंतरच्या दशकात वेधले गेले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड गेलेस यांनी १९७५ मध्ये या विषयावर लेख लिहिला. १९८७ मध्ये ॲन हेल्टन, मॅक्फार्लेन व एलिझाबेथ अँडरसन यांनी २९० गर्भवतींच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांपैकी ८ टक्के स्त्रियांना चालू गर्भारपणात मारहाण झाल्याचे दिसले. मॅक्फार्लेन, बार्बरा पार्कर इत्यादींनी ह्यूस्टन व बॉल्टिमोर येथील ६९१ गर्भवतींच्या अभ्यासावर आधारलेली एक लहान प्रश्नावली १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. गेल्या वर्षभरात मारहाण झाली काय, गर्भ राहिल्यापासून झाली काय आणि लैंगिक बळजबरी झाली काय, असे तीनच मुख्य प्रश्न तीत होते. १७ टक्के स्त्रियांनी गर्भारपणात हिंसा झाल्याचे सांगितले. या स्त्रियांनी तपासणीस शेवटच्या तिमाहीत प्रथम येण्याचे प्रमाण इतरांच्या दुप्पट होते. हीच प्रश्नावली पुढे फेरफारांसह अनेक देशांत वापरली गेली.

ब्रिटनमध्ये १९९७–९९ या काळातील मातामृत्यूंच्या गोपनीय चौकशीच्या अहवालात (२००१) प्रत्येक गर्भवतीस हिंसेविषयी विचारावे आणि निदान एक भेट तिच्याशी एकटीशी व्हावी, या दिशेने शिफारशी करण्यात आल्या. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २००३ पासून प्रसूतिपूर्व सेवांमध्ये नियमित पृच्छा सुरू केली. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१२ मध्ये पहिल्या भेटीत, प्रत्येक तिमाहीत निदान एकदा व प्रसूत्युत्तर तपासणीत विचारावे, असे सुचविले. हिंसा पुढेही सुरू होऊ शकते आणि पहिल्या भेटीत विश्वास बसलेला नसतो, ही पुनःपुन्हा विचारण्यामागील दोन कारणे होत.

पूर्वतयारी : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्यसेवेत येणाऱ्या सर्वच स्त्रियांना सरसकट विचारावे, अशी शिफारस नाही. हिंसेमुळे उद्‌भवणारी वा बळावणारी लक्षणे दिसली, तर विचारावे. प्रसूतिपूर्व सेवेत मात्र माता व गर्भ या दोघांनाही धोका असल्याने आणि स्त्री पुनःपुन्हा येत असल्याने पृच्छेस अधिक आधार आहे, असे त्यांत म्हटले आहे. त्यासाठी किमान अटी घातल्या आहेत : लेखी कार्यपद्धती, सेवकांचे प्रशिक्षण, एकांताची जागा, गुप्ततेची हमी आणि पुढे पाठविण्याची व्यवस्था. या अटी पुऱ्या होत नसतील, तेथे पृच्छा सुरू करू नये.

यांपैकी एकांत ही अट वाटते त्याहून अवघड आहे. सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एकाच टेबलाभोवती अनेक स्त्रिया उभ्या असतात आणि गर्भवतीसोबत सासू, नणंद वा पती असतो. सोबत आलेली स्त्री आहे म्हणून ती विश्वासू आहे, असे गृहीत धरता येत नाही. भारतीय कुटुंबात हिंसेत पतीखेरीज सासरच्या इतर माणसांचाही सहभाग असू शकतो. म्हणून ‘तपासणीच्या वेळी बाई एकटीच आत येते’ असा सर्वांना लागू असलेला नियम करणे आणि वजन, लघवीची तपासणी किंवा पोटाची तपासणी यांच्या निमित्ताने तो पाळणे श्रेयस्कर ठरते. नियम सर्वांना सारखा असला, की कोणा एकीवर संशय येत नाही. दोन वर्षांहून मोठे मूलही जवळ असू नये, कारण ऐकलेले ते घरी बोलून दाखवते. भाषा वेगळी असल्यास नातलगाकडून दुभाष्याचे काम करवून घेऊ नये. परदेशी रुग्णालयांत जाणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रूढी आहे. सासरच्या गावी न बोलणारी स्त्री माहेरच्या आरोग्यकेंद्रात मोकळेपणाने बोलण्याचा संभव असतो. म्हणून अखेरच्या महिन्यांत नव्याने आलेल्या गर्भवतीस, तिची नाव-नोंदणी अन्यत्र झालेली असली तरी, पुन्हा विचारणे उचित ठरते. याउलट माहेरची माणसे ‘नांदायला परत जायचे आहे’ म्हणून गप्प राहण्याचा सल्ला देतात, असेही घडते.

पृच्छेची रीत : प्रश्नाआधी तो का विचारला जात आहे, हे सांगावे. ‘गरोदरपणी घरातील ताणाचा आईच्या व बाळाच्या तब्येतीवर परिणाम होतो, म्हणून आम्ही येथे येणाऱ्या प्रत्येक बाईला हे विचारतो’, अशा प्रस्तावनेने आपल्यालाच का विचारले, ही शंका दूर होते. त्यानंतर साध्या व कृतिवाचक शब्दांत विचारावे : घरात कोणाची भीती वाटते काय, कोणी मारते, ढकलते वा गळा धरते काय, मनाविरुद्ध शरीरसंबंध ठेवावा लागतो काय, जेवण, औषधपाणी वा दवाखान्यात येणे यांस कोणी आडकाठी करते काय, गर्भ ठेवण्यासाठी किंवा पाडण्यासाठी कोणी जबरदस्ती करते काय. ‘तुमच्यावर हिंसा होते काय’ असा प्रश्न निरुपयोगी ठरतो, कारण अनेक स्त्रिया थप्पड वा शिवीगाळ यांस हिंसा म्हणत नाहीत. त्यांच्या भाषेत तो ‘त्रास’ किंवा ‘जाच’ असतो. ‘सासरी सगळे ठीक आहे ना?’ अशा प्रश्नात तर उत्तर आधीच सुचविलेले असते.

स्त्रीने नकार दिल्यास तिला खोदून विचारू नये. मात्र तारखा चुकणे, प्रश्नांची उत्तरे पतीनेच देणे, स्तन, पोट वा जननेंद्रिये यांवरील जखमा, जखमेशी न जुळणारी हकिगत, वारंवारचे गर्भपात, कारण न सापडणाऱ्या वेदना ही लक्षणे दिसत असतील, तर पुढील भेटीत पुन्हा संधी द्यावी. पृच्छेचा हेतू कबुली मिळविणे हा नसून, येथे हे बोलता येते, एवढे स्त्रीस कळविणे हा आहे. ज्यांनी त्या दिवशी काही सांगितले नाही, त्यांनाही मदतीचे ठिकाण या निमित्ताने माहीत होते.

उत्तरानंतरची कृती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेत प्रथमोपचाराचे पाच टप्पे दिले आहेत : लक्षपूर्वक ऐकणे, गरजा व चिंता विचारणे, तिच्या सांगण्यावर विश्वास दर्शविणे, सुरक्षितता वाढविणे व पुढील आधार मिळवून देणे. ‘तू काय केलेस म्हणून त्याने मारले?’ किंवा ‘मूल झाले की सगळे सुधारेल’ असे उद्‌गार हिंसा करणाऱ्याचीच बाजू घेतात. पतीला बोलावून समज देणे हाही धोकादायक उपाय होय. स्त्रीने बाहेर बोलल्याचे त्यावरून उघड होते आणि तिला घरी परतावयाचे असते.

धोक्याची तीव्रता जोखण्यासाठी काही प्रश्न आवश्यक असतात. अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ जॅक्वेलिन कॅम्बेल यांनी १९८० नंतरच्या दशकात तयार केलेल्या धोकामापनात मारहाणीची वाढती तीव्रता, गळा दाबणे, शस्त्राचा वापर, ठार मारण्याची धमकी व गर्भारपणी मारहाण यांना महत्त्व आहे. यांपैकी काही आढळल्यास अथवा आत्महत्येचे विचार असल्यास त्याच दिवशी उपाय योजावा लागतो. बाळंतिणीच्या वैद्यकीय कारणास्तव रुग्णालयात ठेवून घेणे, हा अशा वेळी उपलब्ध असलेला एक मार्ग आहे. इतर वेळी सुरक्षिततेची योजना स्त्रीबरोबर बसून ठरवितात : रात्री कोठे जाता येईल, कोणती शेजारीण दार उघडील, कागदपत्रे व थोडे पैसे कोठे ठेवावेत, कोणता दूरध्वनी क्रमांक पाठ असावा इत्यादी. घर सोडावयाचे की नाही, हा निर्णय तिचा असतो. तो परिचारिकेने तिच्यावर लादू नये.

परिणामकारकता व मतभेद : पृच्छेमुळे हिंसा कमी होते काय, या प्रश्नावर मतभेद आहेत. कॉक्रेन समूहाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १३ चाचण्यांचा विचार केला होता. पृच्छेमुळे हिंसाग्रस्त स्त्रिया ओळखल्या जाण्याचे प्रमाण वाढते आणि प्रसूतिपूर्व सेवेत ते विशेष वाढते, असे त्यात दिसले. परंतु केवळ विचारल्याने हिंसा घटते वा स्त्रिया साहाय्य-संस्थांपर्यंत अधिक पोहोचतात, असा पुरावा मिळाला नाही. याउलट, पृच्छेनंतर समुपदेशन दिलेल्या काही चाचण्यांचे निष्कर्ष आशादायक आहेत. हाँगकाँग येथे ११० गर्भवतींवर झालेल्या चाचणीत (२००५) अल्प समुपदेशनाने मानसिक छळ व सौम्य शारीरिक हिंसा घटली. वॉशिंग्टन येथे १,०४४ आफ्रिकी-अमेरिकी गर्भवतींच्या चाचणीत (२०१०) प्रसूतिपूर्व भेटींतच समुपदेशन मिळालेल्या हिंसाग्रस्त स्त्रियांमध्ये हिंसेची पुनरावृत्ती व अत्यंत अकाली प्रसूती ही दोन्ही कमी आढळली. सारांश, प्रश्न हा उपचार नसून उपचाराचे दार आहे. दारामागे काही नसेल, तर ते उघडण्यात अर्थ नाही.

भारतातील व्यवस्था : मुंबईतील वांद्रे येथील भाभा रुग्णालयात बृहन्मुंबई महानगरपालिका व ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी २००० मध्ये ‘दिलासा’ हे केंद्र संयुक्तपणे सुरू केले. हिंसाग्रस्त स्त्री पोलिसांकडे वा न्यायालयात जाण्यापूर्वी रुग्णालयात येते, हे ओळखून रुग्णालयातच समुपदेशनाची सोय करणे, हे या केंद्राचे वैशिष्ट्य होय. रुग्णालयातील परिचारिका व वैद्य यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत स्त्रियांना केंद्राकडे पाठविले जाते. हा नमुना पुढे मुंबईतील इतर महानगरपालिका रुग्णालयांत स्वीकारला गेला आणि तेथील प्रसूतिपूर्व विभागांतही गर्भवतींची पृच्छा व समुपदेशन यांचे काम झाले. केंद्र शासनाने २०१५ पासून ‘सखी’ एकथांबा केंद्रे सुरू केली. १८१ हा स्त्रियांसाठीचा साहाय्य-क्रमांक आहे.

ग्रामीण भागात आरोग्यसेविका व आशा कार्यकर्ती यांचा गर्भवतीशी सर्वाधिक संबंध येतो. आशा ही त्याच गावातील असते. यामुळे विश्वास संपादन करणे सोपे जाते, पण गुप्तता राखणे कठीण होते. आरोपी पुरुष गावातील वजनदार कुटुंबातील असल्यास तिच्यावरही दडपण येते. प्रशिक्षणाचा विचार करताना सेविकेच्या स्वतःच्या सुरक्षिततेचाही विचार करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नोंद, गुप्तता व कायदा : माता व बाल संरक्षण पत्रिका गर्भवतीजवळ घरी राहते, ती घरातील कोणीही वाचू शकतो. म्हणून हिंसेचा उल्लेख तीत करू नये. रुग्णालयाच्या स्वतंत्र नोंदीत मात्र स्त्रीचे शब्द, जखमांचे स्थान, आकार व संभाव्य कालावधी स्पष्ट लिहावा. पुढे न्यायालयात या नोंदीस महत्त्व येते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्याच्या सातव्या कलमानुसार मागणी केल्यास हिंसाग्रस्त स्त्रीस वैद्यकीय साहाय्य देणे, हे वैद्यकीय सेवाकेंद्राच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. घटनेचा अहवाल आधी नोंदविलेला नाही, या सबबीवर उपचार नाकारता येत नाहीत आणि तपासणी-अहवालाची प्रत स्त्रीस विनामूल्य द्यावी लागते. पती वा त्याच्या नातेवाइकांकडून होणारी क्रूर वागणूक हा १९८३ पासून भारतीय दंड संहितेच्या ४९८-अ कलमानुसार अपराध होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत तशी तरतूद आहे. सज्ञान स्त्रीच्या कायदेशीर गर्भपातासाठी तिची एकटीची संमती पुरते, पतीची लागत नाही. जबरदस्ती सांगणाऱ्या गर्भवतीस ही माहिती देणे आवश्यक असते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, वैद्यकीय गर्भपात कायद्यापुरता, बलात्कार या संज्ञेत पतीने केलेल्या बलात्काराचाही समावेश होतो, असे स्पष्ट केले. गर्भवती १८ वर्षांखालील असल्यास २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे कळविणे बंधनकारक असते. तेव्हा संपूर्ण गुप्ततेचे आश्वासन तिला देता येत नाही आणि ही मर्यादा प्रश्न विचारण्यापूर्वीच सांगणे न्याय्य ठरते.

प्रसूतिगृहातील वागणूक : ज्या संस्थेत पृच्छा करावयाची, तेथेच स्त्रीचा अपमान होत असेल, तर पृच्छेचा उद्देश विफल होतो. कळा देणाऱ्या स्त्रीवर ओरडणे, तिला थप्पड मारणे, संमतीविना तपासणी वा छेद करणे, तिची जात, धर्म वा मुलांची संख्या यांवरून टोमणे मारणे हे प्रकार अनेक देशांत नोंदविले गेले आहेत. व्हेनेझुएलाने २००७ मध्ये ‘प्रसूतिसेवेतील हिंसा’ ही संज्ञा कायद्यात आणली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये अशा वागणुकीविरुद्ध निवेदन प्रसिद्ध केले. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेबरोबर सन्मानपूर्वक वागणुकीवरही भर आहे. गर्भारपणी ‘घरी कोणी मारते काय’ असे विचारणाऱ्या रुग्णालयाने प्रसूतीच्या वेळी स्वतः हात उगारला, तर पुढच्या खेपेस ती स्त्री तेथे काही सांगणार नाही. प्रसूतीनंतर, विशेषतः मुलगी झाल्यास, हिंसा वाढण्याचा संभव असल्याने बाळाच्या लसीकरणाच्या भेटींपर्यंत ही पृच्छा चालू ठेवणे इष्ट असते. त्या भेटींत स्त्री पुन्हा येईल की नाही, हे आधी तिला तेथे मिळालेल्या वागणुकीवर अवलंबून राहते.